घरातल्या संगणकांचा अबोला

एका घरात राहणाऱ्या दोन माणसांनी अबोला धरला, म्हणजे मधल्या माणसांची काय कुचंबणा होते हे आपण सगळे जाणतो. हल्ली तशीच कुचंबणा संगणकांमुळेही होऊ लागली आहे. पूर्वी संगणक कचेरीत असे आणि कचेरीतच राहत असे. आज ज्या घरात दोन मुले शिकतात, त्या घरात एखादा जुना डेस्कटॉप, एखादा लॅपटॉप आणि तीन-चार मोबाईल असतातच. कागद एका यंत्रात असतो आणि काम करणारा माणूस दुसऱ्या यंत्रापुढे बसलेला असतो. दोन्ही यंत्रे एकाच छपराखाली, एकाच वायफायवर. पण एक दुसऱ्याला ओळख दाखवत नाही. मुले वैतागून म्हणतात, "नेट तर चालू आहे, मग हे का नाही चालत?"

हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्याही घरी उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे कळले, ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच. मी संगणकतज्ज्ञ नाही. बी. कॉम. होऊन नोकरीला लागलेला, आवक-जावक बारनिशीच्या टेबलावर बरीच वर्षे काढलेला साधा कारकून आहे. परंतु या कामात तज्ज्ञाच्या ज्ञानापेक्षा कारकुनाची सवयच जास्त कामी आली, हे मी अनुभवाने सांगतो.

आमचे घर नागपूरला, एका जुन्या वस्तीत. खाली दोन खोल्या, वर एक. खालच्या खोलीत डेस्कटॉप आणि त्याला जोडलेला स्कॅनर आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी तो घेतला. शाळा सुरू झाल्या आणि तो रिकामा राहिला. मग दर रविवारी वस्तीतली मुले आपापले कागद घेऊन येऊ लागली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. मूळ कागद कॉलेजात जमा होतात, हरवतात, पावसात भिजतात. स्कॅन करून ठेवलेली प्रत वेळेला धावून येते. ज्याची इच्छा असेल त्याच्या प्रती मी त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. आज अशा चाळीस-पंचेचाळीस कुटुंबांचे कागद त्या डेस्कटॉपवर आहेत. अर्ज भरण्याचे काम माझी थोरली मुलगी वरच्या खोलीत लॅपटॉपवर करते. कारण खालच्या खोलीत आई झोपते आणि म्हातारपणी तिची झोप मोडू नये असा घरातला दंडक आहे.

काही जण म्हणतील, यासाठी एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह आहेच. परंतु व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद दाबला जाऊन पुसट होतो आणि त्याची प्रत दोघांच्या मोबाईलमध्ये कायमची राहते. पेनड्राइव्ह या यंत्रातला रोग त्या यंत्रात नेतो आणि एखाद्या दिवशी शर्टाच्या खिशातून पडतो. दुसऱ्याचा दाखला आपल्याजवळ असणे ही जबाबदारी आहे. त्याच्या प्रती जितक्या कमी ठिकाणी असतील तितके बरे. म्हणून कागद एकाच जागी ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्या यंत्राला तो तिथूनच वाचू द्यायचा, यालाच फाईल शेअरिंग म्हणतात. दोन वर्षे हे विनातक्रार चालले.

मग इंटरनेट कंपनीच्या माणसाने वायफायचे जुने खोके काढून नवे बसवले. त्याच शनिवारी संध्याकाळी मुलीने वरून हाक मारली, "बाबा, हे तर पाथच नाही सापडत म्हणून राहिलं!" पडद्यावर इंग्रजीत सूचना होती आणि खाली एक लांबलचक क्रमांक : ०एक्स८००७००३५. गल्लीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा होता. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची आई चार घरी स्वयंपाक करते. मुदत सोमवारी संपत होती आणि मूळ कागद कॉलेजात अडकलेले होते.

नेमका त्याच वेळी माझा भाचा आला. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, हुशार आहे. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, दोन मिनिटांचं काम आहे. फायरवॉल बंद करून टाका, पासवर्डची अट काढा, अन् एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या. धाडकन उघडते."

मी म्हणालो, "उघडेल रे. पण त्या फोल्डरमध्ये कागद कोणाचे आहेत?"

"आपल्याच घरात तर आहे न मामा. कोण येते इथं?"

तेव्हा आम्ही दोघांनी बोटांवर मोजले. आमच्या वायफायचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे. तो शेजारच्या मुलाला अभ्यासासाठी दिलेला आहे, भाडेकरूला दिलेला आहे, लग्नाला आलेल्या पाहुण्यांना दिलेला आहे. शिवाय भिंतीवरचा टीव्ही त्यावर आहे. एव्हरीवन म्हणजे हे सगळे. चाळीस कुटुंबांनी माझ्यावर विश्वास टाकून दिलेले आधार क्रमांक आणि खाते क्रमांक मी या सगळ्यांपुढे मांडून ठेवायचे काय? ते कागद माझे असते तर गोष्ट वेगळी. ते माझे नाहीत. दार अडकले म्हणून घराची भिंत पाडायची नसते.

आधी काम उरकले. मुलगी खाली आली, हळू आवाजात डेस्कटॉपवरच बसली आणि रात्री साडेअकराला त्या मुलीचा अर्ज भरून पावती काढली. रोगाचे निदान रविवारवर ठेवले. अडचणीच्या वेळी हा क्रम महत्त्वाचा आहे. मुदतीचे काम दुसऱ्या वाटेने पार पाडावे आणि दुरुस्ती शांत डोक्याने करावी. घाईत माणूस नको ती कुलुपे तोडतो.

शेरा आधी वाचावा

कचेरीत एखादे प्रकरण परत आले, की नवा कारकून प्रकरण घेऊन साहेबाकडे पळतो. जुना कारकून आधी त्यावरचा शेरा वाचतो. पोस्टातून पत्र परत आले तर त्यावर "पत्ता अपुरा" लिहिले आहे, की "घेण्यास नकार", हे आधी पाहावे लागते. दोन्ही पत्रे परतच आलेली असतात, पण उपाय वेगळे असतात. संगणकाच्या नकाराचेही असेच आहे. त्याचे मुख्य तीन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

पहिला प्रकार "वाट सापडत नाही" हा. आमचा क्रमांक त्यातलाच. ०एक्स८००७००३५ मधले शेवटचे ३५ हे सोळाच्या हिशेबात लिहिलेले असते. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस अधिक पाच, म्हणजे आपले ५३. विंडोजच्या यादीत ५३ म्हणजे नेटवर्कवरची वाट सापडली नाही. दुसरा प्रकार "ओळख पटत नाही". त्याचा क्रमांक १३२६, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. तिसरा प्रकार "परवानगी नाही". त्याचा क्रमांक ५. याशिवाय ०एक्स८०००४००५ असाही एक शेरा येतो. त्याचा अर्थ "अनिर्दिष्ट चूक". आमच्याकडे काही साहेब "योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढेच लिहितात, तसाच हा. त्यावरून काहीच कळत नाही, म्हणून सगळ्या पायऱ्या क्रमाने तपासाव्या लागतात.

भाच्याच्या उपायात नेमके हेच राहून गेले होते. वाट सापडत नसताना तो परवानग्यांची दारे उघडायला निघाला होता. पत्ताच चुकला असेल, तर घराचे दार सताड उघडे ठेवून पोस्टमन येणार आहे का?

पहिली पायरी : दोघे एकाच घरात आहेत का?

मुलांचा प्रश्न होता, नेट चालू असताना हे का चालत नाही? कारण इंटरनेट हा घराबाहेरचा रस्ता आहे आणि फाईल शेअरिंग ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट. रस्ता चालू असला तरी आतले दार बंद असू शकते. उलटही होते. इंटरनेटचे बिल थकून बाहेरचा रस्ता बंद पडला, तरी वायफायचे खोके चालू असेल तोवर घरातल्या घरात फायली जाऊ शकतात.

घरातल्या प्रत्येक यंत्राला ते खोके, म्हणजे राउटर, एक क्रमांक देते. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की तो दिसतो. दोन्ही यंत्रांचे क्रमांक वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. आमच्या डेस्कटॉपचा निघाला १९२.१६८.१.७ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१०.४. साधारण घरगुती जोडणीत पहिले तीन आकडे सारखे असावे लागतात. इथे तिसराच आकडा वेगळा. म्हणजे दोघे एका घरात नव्हतेच. (क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून क्रमांक मिळालाच नाही असे समजावे. तिथे केबल किंवा वायफायची जोडणीच तपासावी.)

नव्या खोक्यावरून वायफायची दोन नावे दिसत होती. एक घरचे आणि एक पाहुण्यांचे. लॅपटॉप पाहुण्यांच्या नावाला जोडला गेलेला होता. पाहुण्यांच्या वायफायवरून इंटरनेट मिळते, पण घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते आणि ती चांगली आहे. त्या दिवसापासून आम्ही शेजारच्या मुलाला, भाडेकरूला आणि टीव्हीलाही त्याच नावावर बसवले आणि घरच्या नावाचा पासवर्ड बदलला. बिघाड शोधता शोधता घराला ओसरी आणि माजघर अशा दोन जागा मिळाल्या.

लॅपटॉप घरच्या नावावर आणला. क्रमांक झाला १९२.१६८.१.९. आता उघडेल, असे सर्वांना वाटले. पुन्हा तोच शेरा : वाट सापडत नाही.

दुसरी पायरी : विंडोज घराला घर मानते का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला दोनपैकी एक दर्जा देते. सार्वजनिक किंवा खाजगी. सार्वजनिक म्हणजे रेल्वे स्टेशन, चहाची टपरी, लॉज. तिथे संगणक तोंड झाकून बसतो, कोणाला दिसत नाही आणि कोणाला उत्तर देत नाही. खाजगी म्हणजे आपले घर. खोके बदलले की विंडोजच्या लेखी ते नवे नेटवर्क असते आणि अनोळखी नव्या नेटवर्कला ते आपणहून सार्वजनिक ठरवते. आमच्या डेस्कटॉपवर नाव आले होते "नेटवर्क २" आणि दर्जा सार्वजनिक. म्हणजे डेस्कटॉप आमच्याच घरात अनोळखी गावी उतरल्यासारखा गप्प बसला होता.

उपाय सोपा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मात जाऊन ते खाजगी करावे. मग शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये खाजगी नेटवर्कसाठी शोध आणि फाईल शेअरिंग चालू करावे. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज पडत नाही. या कामासाठी यंत्राची ४४५ क्रमांकाची खिडकी उघडी लागते आणि वरील दोन गोष्टी केल्या की फायरवॉल तेवढीच खिडकी, तीही घरच्यांपुरती, उघडते. वेगळे अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल आडवी येऊ शकते. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तेही घरातली वाट अडवते. मात्र ही ४४५ ची खिडकी राउटरमधून बाहेरच्या जगाला कधीही उघडी करू नये.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नेटवर्कच्या खिडकीत डेस्कटॉपचे चित्र दिसले नाही म्हणजे तो नाहीच, असे नसते. चित्र दिसण्याची व्यवस्था निराळी आणि जोडणीची निराळी. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे यंत्राचे नाव लिहून सरळ हाक मारावी. नावाने उत्तर आले नाही तर क्रमांकाने मारावी. क्रमांकाने उघडले आणि नावाने नाही, तर दोष नावाच्या ओळखीत आहे, एवढे नक्की ठरते. परंतु कायमच्या वापरासाठी क्रमांकावर विसंबू नये, कारण राउटर तो बदलू शकतो. लॅपटॉपवर पूर्वी केलेला शॉर्टकट जुन्या खोक्याने दिलेल्या क्रमांकाचा होता. तो आता दुसऱ्याच कोणाच्या दारात नेत होता. आम्ही नवा शॉर्टकट नावाने केला आणि राउटरमध्ये डेस्कटॉपसाठी एक क्रमांक राखून ठेवला. डेस्कटॉप झोपी गेला तरी उत्तर देत नाही, म्हणून रविवारी त्याची झोप बंद ठेवतो.

आता मुलीने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. मुलगी निराश झाली, "आता हे नवीनच काय?" मी मात्र खुश झालो. शेरा बदलला, म्हणजे प्रकरण एका टेबलावरून पुढच्या टेबलावर गेले. नकार तोच असता तर चिंता होती. वेगळा नकार येणे ही प्रगती आहे. हे मुलांना समजावून सांगावे, म्हणजे ती मध्येच हात टेकत नाहीत.

तिसरी पायरी : तुम्ही कोण?

चौकटीत मुलीने रोजचा चार आकडी पिन टाकला. नकार. पुन्हा टाकला. पुन्हा नकार. इथे पुष्कळ लोक अडकतात. पिन हा त्या एकाच यंत्राच्या दारापुरता असतो. नेटवर्कवरून येताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तोही ज्या यंत्रात कागद आहेत त्या यंत्रावरच्या खात्याचा. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून येऊ न देणे हा विंडोजचा मूळचाच नियम आहे. म्हणून "पासवर्ड काढून टाका" या सल्ल्याने काम सोपे होत नाही, उलट अडते.

आम्ही डेस्कटॉपवर एक वेगळे साधे खाते उघडले, त्याला लांब पासवर्ड दिला आणि ते फक्त या कामासाठी ठेवले. लॅपटॉपवर नाव लिहिताना आधी डेस्कटॉपचे नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग खात्याचे नाव असे पूर्ण लिहिले. तरीही १३२६ आला. कारण लॅपटॉपने जुने नाव आणि जुना पासवर्ड आपल्या साठ्यात जपून ठेवला होता आणि तोच परत परत पुढे करत होता. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती जुनी नोंद काढली, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि दार उघडले. (कधी १२१९ हा क्रमांकही येतो. एकाच यंत्राकडे दोन वेगळ्या नावांनी एकाच वेळी जाता येत नाही, असा त्याचा अर्थ. तिथेही जुनी जोडणी तोडून पुन्हा सुरुवात करावी.)

चौथी पायरी : किती आणि कशाची परवानगी?

आत गेल्यावर फोल्डर दिसले, पण उघडायला गेल्यावर शेवटचा शेरा : परवानगी नाही. इथे दोन दारे असतात. एक शेअरिंगचे आणि दुसरे खुद्द फोल्डरच्या सुरक्षेचे. एका दारावर मुभा आणि दुसऱ्यावर मनाई असेल, तर मनाई चालते. दोन्हींमध्ये जे कडक, तेच लागू. म्हणून दोन्ही ठिकाणी नव्या खात्याचे नाव घालावे लागले.

आणि इथेच एव्हरीवन काढून टाकले. जुन्या कागदांच्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. भरलेल्या अर्जांच्या पावत्यांसाठी एक वेगळा फोल्डर केला आणि तेवढ्यातच लिहिण्याची मुभा दिली. लॅपटॉप चोरीला गेला किंवा त्यात काही रोग शिरला, तरी वस्तीच्या कागदांवर तो सहजासहजी हात चालवू शकणार नाही.

जुने दार पुन्हा उघडू नका

भाचा हे सगळे बघत होता. तो म्हणाला, "मामा, आमच्या दुकानात तर एसएमबी वन चालू करतात. सगळं चालते मग." या एसएमबीची थोडी हकिकत सांगणे जरूर आहे, कारण हा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो.

एका यंत्राने दुसऱ्याकडे फाईल कशी मागायची याचे जे ठरलेले बोलणे असते, त्याला एसएमबी म्हणतात. १९८३ साली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ते प्रथम बांधले. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने हेच बोलणे इतर प्रकारच्या यंत्रांना शिकवले. ते काम सांबा या नावाने आजही सर्वांना विनामूल्य खुले आहे. पण हे बोलणे ठरले तेव्हा खोलीतली सगळी यंत्रे ओळखीची असत. त्याची पहिली पद्धत, म्हणजे एसएमबी वन, त्या विश्वासाच्या काळातली आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा रोग याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून पसरला. दीडशेहून अधिक देशांतली यंत्रे त्याने कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. त्या भोकाला ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरच्या विंडोज १० पासून ही पद्धत मूळ मांडणीतून वगळली गेली.

२०२४ च्या विंडोज ११ २४एच२ आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. तिच्या प्रो प्रकारात प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही मागितली जाते आणि नाव-पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून आत शिरणे मुळातच बंद असते. राउटरला टोचलेली हार्ड डिस्क किंवा जुने यंत्र अशा वेळी एकाएकी दिसेनासे होते. लोकांना वाटते यंत्र बिघडले. बिघडलेले नसते, नियम कडक झालेला असतो. अशा वेळी नियम सैल करण्यापेक्षा त्या जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, त्यावर पासवर्ड असलेले खाते करावे आणि तेही होत नसेल तर महत्त्वाचे कागद तिथून हलवावेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या घरी अजून तेच आहे, त्यांनी निदान दुसऱ्यांचे कागद त्यावर ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

घराची एक वही असावी

रविवारी संध्याकाळपर्यंत हे सगळे उरकले. एक रुपया खर्च आला नाही. मुलीने वर बसून दोन अर्ज भरले आणि खाली आईची झोपमोड झाली नाही. त्यानंतर मी एक दोनशे पानी वही घातली. कचेरीत बारनिशी असते तशी. पहिल्या पानावर प्रत्येक यंत्राचे नाव, त्याचा क्रमांक, ते कोणत्या वायफायवर बसते, कोणत्या खात्याला कोणत्या फोल्डरची किती परवानगी आहे हे लिहिले. पासवर्ड त्यात लिहिले नाहीत. ते वेगळ्या पाकिटात, कपाटात. पुढच्या पानांवर तारीखवार नोंदी : काय बंद पडले, शेरा काय आला, काय केले, शेरा बदलला का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच नोंद करायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर कशाने तेही कळत नाही.

भगिनींना विशेष सांगणे आहे. घरातला संगणक म्हणजे मुलाचे खाते, असे समजून दूर राहू नका. मुलगा उद्या पुण्या-मुंबईला नोकरीला जाईल आणि यंत्र घरी राहील. माझ्या पत्नीला इंग्रजी फारसे येत नाही, पण वही पाहून ती क्रमांक जुळवते. परवा मी ड्युटीवर असताना तिने फोन करून सांगितले, "पाच आला आहे, त्रेपन्न नाही." मी म्हणालो, मग वाट बरोबर आहे, परवानगीचे पान काढ. एका नव्या फोल्डरवर खात्याचे नाव घालायचे होते. तिने मुलीला सोबत घेऊन ते घातले.

शेवटी एक सावधगिरी. शेअरिंग म्हणजे दुसरी प्रत नव्हे. लॅपटॉपवर कागद दिसतो, म्हणून तो दोन ठिकाणी आहे असे मानू नये. डेस्कटॉपची डिस्क गेली की दोन्हीकडून गेला. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सर्व कागद एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, ती कुलपात ठेवतो आणि वहीत तारीख टाकतो. ज्याचे शिक्षण संपले, त्याला विचारून त्याचे फोल्डर पुसतो. गेल्या महिन्यात एकाचे पुसले. तो आता परभणीला शिक्षक म्हणून रुजू झाला आहे. त्याच्या ओळीपुढे तारीख लिहिली आणि त्याची सही घेतली.